मृगाची वाट पाहू नका

पावसाळ्याची तयारी मृगाआधी उरकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. घर शाकारायचं, पत्र्यांचे हुक आवळायचे, कडबा नि सरपण आत घ्यायचं, गटारं उपसायची. हे सगळं मेच्या शेवटच्या पंधरवड्यात. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग लागतो, मोसमी पाऊस मुंबईत पोहोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून, त्यामुळे हिशेब बरोबर बसायचा. मुंबई महापालिकेची पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईची मुदत ३१ मे असते, तीही याच हिशेबाने.

पण मार्च ते मे या तीन महिन्यांतला पाऊस या हिशेबात धरलेलाच नाही. २०१४च्या फेब्रुवारीअखेर सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत चालली आणि मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्रातली उभी रब्बी आडवी करून गेली. ९ एप्रिल २०२३च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे मंदिराच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडवर जुनं झाड कोसळलं आणि आत आसऱ्याला थांबलेल्यांपैकी सात जण गेले. १३ मे २०२४ला घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक पडला, सतरा बळी. आणि २०२५मध्ये तर मोसमी पाऊसच २६ मेला मुंबईत दाखल झाला, तिथला आजवरचा सगळ्यात लवकरचा. त्या दिवशी नवंकोरं भुयारी मेट्रो स्थानक पाण्यात गेलं. आदल्या दिवशी बारामती-इंदापूर पट्ट्यात इतका पाऊस झाला की नीरा डावा कालवा फुटला. मृग अजून दोन आठवडे लांब होता.

म्हणून या लेखातला पहिला आणि मुख्य सल्ला तारखेचा आहे. तयारीचे दोन भाग पाडा. वारा, वीज आणि गारांपासूनची तयारी गुढीपाडव्यापर्यंत. पाण्यापासूनची तयारी, म्हणजे गटारं, नाले, पन्हाळी, तळघरातले पंप, अक्षय्य तृतीयेपर्यंत. मृगाला फक्त पेरणीचं बघा. ही दोन सणांची नावं मुद्दाम घेतली आहेत, कारण सण कोणी विसरत नाही. ‘एप्रिलचा पहिला पंधरवडा’ सगळेच विसरतात.

अंदाजातली ओळ वाचायची कशी

उन्हाळी पावसाचा इशारा साधारण असा येतो: ‘मध्य महाराष्ट्र व मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट व ताशी ४० ते ५० किमी वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता.’ पेपरात ही ओळ इतक्यांदा येते की डोळा तिच्यावरून घसरतो. संध्याकाळी पाऊस आला नाही की आपण वेधशाळेच्या नावाने एक विनोद करतो आणि मोकळे होतो. त्या ओळीतल्या प्रत्येक शब्दाला मात्र ठरलेलं माप आहे, आणि ते माहीत असेल तर निम्मे विनोद फुकट जातात.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्मी ते पाऊण, आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त. तेव्हा ‘तुरळक’ हा शब्द पाऊस किती विस्तारात पडेल ते सांगतो, किती जोराने पडेल ते नाही. वळवाचा ढग एका गावाला झोडपून शेजारच्या गावावरून कोरडाच जातो, हे आपण लहानपणापासून बघतो. शेजारच्या गावात जे झालं तो अंदाज खरा ठरला; आपण कोरडे राहिलो हा आपला योग.

‘हलका ते मध्यम’ यातही एक मेख आहे. हवामान विभागाच्या हिशेबात २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर हा ‘मध्यम’ पाऊस. जूनमध्ये दिवसभर रिपरिप करत साठ मिलिमीटर पडला तर कोणाचं फारसं बिघडत नाही. वळीव तेवढाच पाऊस पाऊण तासात ओततो. कागदावर दोन्हीकडे ‘मध्यम’च लिहिलेलं असतं, ओढ्याला मात्र फरक कळतो. मापं सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ अशी घेतली जातात, हेही ध्यानात ठेवा. पेपरात ‘आजचा’ म्हणून छापलेला पाऊस बहुधा काल संध्याकाळचा असतो.

आणखी एक घोटाळा ‘अतिवृष्टी’चा. हवामान विभागाच्या वर्गवारीत सर्वांत वरची पायरी २०४.५ मिलिमीटरपासून सुरू होते. महसूल खात्याच्या भाषेत मात्र २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी. पंचनाम्याच्या वेळी कामाला येतो तो दुसरा आकडा, आणि तोही आपल्या महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचा. आपलं मंडळ कुठलं आणि त्याचं मापक कुठे बसवलंय, हे निदान शेतकऱ्याला तरी पाठ असावं.

रंगांचं सांगायचं तर: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. जुलै-ऑगस्टच्या पावसाने आपल्याला केशरी आणि लालच तेवढे मनावर घ्यायची सवय लावली आहे. उन्हाळ्यात ती सवय सोडावी लागते. तुरळक ठिकाणी पडणाऱ्या वळवाला अनेकदा पिवळाच इशारा असतो, पण वीज पडायला पिवळा दिवस पुरतो. मार्च ते मेमध्ये पिवळा रंग दिसला की दुपारी तीननंतर उघड्या रानात थांबायचं नाही, एवढा साधा नियम घरात लावून टाका.

अंदाज चार मुदतींचे असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. मार्चअखेरीस एप्रिल ते जूनचा हंगामी अंदाज येतो. त्यातला पावसाचा भाग सरासरीपेक्षा जास्त की कमी एवढंच सांगतो, आणि तोही फक्त एप्रिलचा असतो. ‘सरासरीपेक्षा कमी’ वाचून ताडपत्री विकत घ्यायचं लांबवू नका. उन्हाळ्यातली सरासरी मुळातच एवढीशी असते की एका संध्याकाळी आख्खा हंगाम उरकू शकतो. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज निघतो. काढणी, मळणी, लग्नाचा मांडव यांचा विचार त्यावर करा. रोजचा जिल्हावार अंदाज पुढच्या काही दिवसांचा. कोणता माल आधी आत घ्यायचा ते त्यावर ठरवा. आणि शेवटचा, तीन तासांचा तातडीचा इशारा. तो रडारवर ढग प्रत्यक्ष दिसल्यावर दिला जातो आणि उन्हाळ्यात सगळ्यात जास्त कामाचा हाच. आपल्या जिल्ह्याचं नाव त्यात आलं की चर्चा बंद, आवराआवर सुरू.

ओळखीची आणखी एक खूण आहे. बातमीत ‘विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकमार्गे दक्षिणेपर्यंत द्रोणीय रेषा’ किंवा ‘वाऱ्यांची खंडितता’ असे शब्द दिसले की तो आठवडा वळवाचा समजा. एकीकडून बाष्प घेऊन येणारे वारे, दुसरीकडून उत्तरेचे कोरडे वारे, आणि खाली दुपारपर्यंत तापलेली जमीन. हे तिन्ही जुळलं की ढग बघता बघता बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. वरच्या गोठलेल्या थरात थेंबांचा बर्फ होतो, वर उसळणारी हवा तो बर्फ पुन्हा पुन्हा वर फेकते, त्याच्यावर थर चढत जातात, आणि हवेला तोलेनासा झाला की तो गार होऊन खाली येतो. सकाळी आकाश निरभ्र, अकरापासून अंगाची तगमग, दोनला पश्चिमेकडे किंवा दक्षिणेकडे कोबीसारखे फुगणारे पांढरे ढग, आणि मग अचानक एक थंडगार झुळूक. ही झुळूक आली की सगळे ‘आहा’ म्हणून अंगणात येतात. यायला नको. ती ढगातून खाली कोसळलेली हवा असते. पुढच्या काही मिनिटांत वारा, धूळ आणि वीज तिच्या मागोमाग पोहोचतात.

पत्रा

उन्हाळी वादळात उडणाऱ्या वस्तूंत पत्रा पहिला. गणित बघा. ताशी ५० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण बारा किलोचा दाब देतो. दहा फूट बाय तीन फुटांच्या एका पत्र्यावर तो पस्तीस किलोच्या घरात जातो. आणि वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी १०० किलोमीटरच्या झोतात त्याच पत्र्याला उचलायला जवळजवळ दीड क्विंटलचा जोर लागलेला असतो. त्यावर ठेवलेले चार दगड वाऱ्यासमोर काहीच नाहीत. उलट पत्रा उचकटला की तेच दगड खाली झोपलेल्याच्या डोक्यात येतात. पत्र्यावरचे दगड, जुने टायर, विटा आधी उतरवा.

पत्रा बहुधा कडेने उचकटतो. म्हणून वळचणीकडची आणि कोपऱ्यांतली बोल्टची ओळ आधी तपासा. हुक-बोल्ट हाताने फिरतो का बघा. फिरला तर वायसर झिजलंय. गंजून भोक मोठं झालं असेल तर नुसता नट आवळून उपयोग नाही, मोठं वायसर घालून शेजारी नवा बोल्ट मारा. वळचण भिंतीच्या बाहेर हात-दीड हात आली असेल तर वाऱ्याला तिथेच हात घालायला जागा मिळते. कडेला पत्र्यावरून एक लोखंडी पट्टी आडवी टाकून ती खालच्या पाइपाला बांधा. शेडची एक बाजू उघडी आणि बाकीच्या तिन्ही बंद असतील, गोठ्याची बहुधा असते तशी, तर आत शिरलेली हवा पत्र्याला आतून ढकलते. अशा शेडला समोरच्या भिंतीत वर झरोका ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. सौर पॅनेलच्या चौकटीचे बोल्टही याच दिवशी बघून घ्या. बसवणारा माणूस गेल्यानंतर त्यांच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं.

पारसची घटना आठवा. शेड होती, लोक आसऱ्यालाच थांबले होते; पण वर जुनं झाड होतं. झाडाखालची शेड वादळात आसरा नव्हे. एप्रिल-मे म्हणजे यात्रा-जत्रांचे, लग्नांचे दिवस. मांडव घालताना जवळ जुनं झाड, विजेची तार किंवा फलक नाही ना, एवढं यजमानानेच बघायचं असतं; मांडववाल्याला ते सुचणार नाही. आणि पाहुण्यांना कुठे न्यायचं ती जागा आधी ठरलेली हवी. शाळेची खोली किंवा समाजमंदिर उघडून ठेवा, किल्ली कोणाकडे आहे ते तिघांना माहीत असू द्या. ‘किल्ली गुरुजींकडे आहे आणि गुरुजी गावी गेलेत’ हे उत्तर ऐन वादळात फार महाग पडतं.

शहरातल्यांनी फलकाकडे बघायला शिकावं. घाटकोपरला पडलेला फलक १२० फूट बाय १२० फुटांचा होता. पालिकेची मर्यादा ४० बाय ४०ची. एवढी मोठी चूक रोज हजारो लोकांच्या नजरेसमोर उभी होती. वाऱ्या-पावसात फलकाच्या, बांधकामाच्या क्रेनच्या, परांचीच्या खाली थांबू नका. दुचाकीवाल्यांना पेट्रोल पंपाचं छत आणि उड्डाणपुलाखालची जागा सगळ्यात जवळची वाटते, त्यातल्या पंपाच्या छताचा मोह टाळा. सोसायटीतल्या वाळलेल्या फांद्या तोडायला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, आणि ती एका दिवसात मिळत नाही. अर्ज पाडव्याआधी टाका. मे महिन्यात टाकलेल्या अर्जावर जुलैत माणूस येतो, हा बहुतेक शहरांतला अनुभव.

वीज

याबाबतीत नियम थोडेच आहेत, पण त्यांत सवलत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची वीज तुमच्यावरही पडू शकते. लगेच पक्क्या घरात किंवा काचा बंद असलेल्या मोटारीत, बसमध्ये जा. दुचाकी, छत नसलेला ट्रॅक्टर, बैलगाडी, शेतातली उघडी झोपडी, छत्री यांतलं काहीही चालत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत थांबा. पाऊस थांबला म्हणून लगेच बाहेर पडणाऱ्यांवर वीज पडल्याचं दरवर्षी ऐकू येतं.

झाडाखाली जाऊ नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे जातात. कारण पाऊस भिजवतो आणि झाड जवळ असतं. भिजणं परवडतं. रानात अगदी कुठेच आसरा नसेल तर उंचवटा, बांधावरचं एकटं झाड, तारेचं कुंपण, विहिरीचा काठ आणि डीपी यांच्यापासून लांब जा, पाय एकमेकांना चिकटवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. गटाने असाल तर एकमेकांपासून अंतर ठेवा. यातही धोका आहेच, फक्त उभं राहण्यापेक्षा कमी.

जनावरांचं वेगळं. झाडावर पडलेली वीज जमिनीतून चहूकडे पसरते. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चांगलं अंतर असल्यामुळे दोन्हींमधून प्रवाह शिरतो, म्हणून एकाच झाडाखाली बांधलेली चार-पाच जनावरं एकदम दगावतात. पाचाचे खुंट पाच ठिकाणी असावेत, झाडापासून लांब असावेत आणि दावण साखळीची नसून दोरीची असावी. धनगरांचे वाडे, ऊसतोडीच्या कोप्या, वीटभट्टीवरच्या झोपड्या नेमक्या याच महिन्यांत उघड्या माळावर असतात. त्या लोकांपर्यंत अंदाज पोहोचत नाही. पोहोचला तरी जायला जागा नसते. ज्याच्या रानात मेंढ्या बसल्यात किंवा ज्याची भट्टी आहे, त्याने इशारा आला की स्वतः जाऊन सांगावं आणि पक्की पडवी उघडून द्यावी. हे उपकाराचं काम नाही, रान आपलं असेल तर जबाबदारीही आपलीच.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचं अॅप केलं आहे. तुमच्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर ते नकाशावर दाखवतं. मराठीत आहे, फुकट आहे. घरातल्या एकाच्या फोनवर असून चालत नाही. जो रानात जातो त्याच्या फोनवर हवं आणि ठिकाण दाखवण्याची परवानगी चालू हवी. मोबाइलमुळे वीज ओढली जाते हा गैरसमज आहे. चार्जरला लावलेला फोन मात्र वादळात हातात घेऊ नका. टीव्ही, पंप, स्टार्टर यांच्या पिना आधीच काढा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात प्रवाह साठून राहत नाही, त्याला हात लावायला भिऊ नका. अनेकदा हृदय बंद पडलेलं असतं. १०८ला फोन लावून लगेच छातीवर दाब द्यायला लागा. चिखलात पुरणं, शेण फासणं यात जीव वाचवायची मिनिटं निघून जातात.

शेतातलं थोडं

राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या भागांसाठी हवामानावर आधारित कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. फवारणी आणि काढणी त्यावर बेतली तर निदान औषध तरी वाहून जात नाही. इशारा असेल तर कापलेला हरभरा-गहू पसरून ठेवू नका. सुडी उंचावर रचा, खाली दगड-लाकडांचा ओटा करा, ताडपत्री वरून नुसती टाकू नका, चारी बाजूंनी दोरीने आवळा. हळद आणि बेदाणा वाळत घातला असेल तर गोळा करायला किती माणसं आणि किती वेळ लागतो हे एकदा घड्याळ लावून बघा. तीन तासांच्या इशाऱ्यात ते काम बसत नसेल तर आदल्या दिवशीच्या अंदाजावर हलायला लागा.

केळीला आणि उसाला वादळाच्या इशाऱ्यात पाणी देऊ नका. ओली माती मुळांना धरत नाही आणि घडाच्या ओझ्याने बाग झोपते. आंबा चौदा आणे तयार असेल तर दोन दिवस आणखी थांबण्याचा लोभ धरू नका. खाली पडलेल्या फळाला कॅनिंगवाला जो भाव देतो तो आठवा. भिजलेला कांदा चाळीत चांगल्या कांद्याला चिकटून ठेवला की दोन्ही जातात. तो आधी विकून टाका.

पाणी

उन्हाळ्यातल्या पुराची गंमत अशी की तो नदीला येत नाही, रस्त्याला येतो. नद्यांची पात्रं रिकामी असतात, धरणांतून विसर्ग नसतो. तुंबतात ते ओढे, गटारं, भुयारी रस्ते आणि तळघरं. वर्षभराचा कचरा, प्लास्टिक आणि बांधकामाचा राडारोडा ओढ्यात पडून असतो, पहिल्याच पावसात तो पुलाच्या मोरीत जाऊन अडकतो आणि पाणी वस्तीत फिरतं. नालेसफाईला मेअखेरची मुदत ठेवण्यात म्हणूनच आता अर्थ राहिलेला नाही. महापालिका बदलेल तेव्हा बदलेल. सोसायटीने आणि ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतली मोरी अक्षय्य तृतीयेच्या आत मोकळी करावी. काढलेला गाळ काठावर ठेवू नये, तो त्याच पावसाने परत आत जातो. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

सोसायटीच्या सभेत सांगायला एक आकडा देतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमची सोसायटी एक एकरावर असेल आणि तासाभरात ५० मिलिमीटर पडला, तर दोन लाख लिटर पाणी तुमच्या आवारात उतरतं. दहा हजार लिटरचे वीस टँकर. आदल्या दिवसापर्यंत ज्या टँकरसाठी सचिव हातापाया पडत होते, ते वीस एकदम, फुकट, तळघराच्या उताराच्या दिशेने. उताराच्या तोंडाशी आडवी जाळीची चर आहे का, ती पानांनी भरलीय का, तिचं पाणी जातं कुठे, हे एप्रिलमध्ये पाइप सोडून बघा. तळघरातला पंप चालू करून बघा. वर्षभर बंद असलेला पंप बहुधा जाम झालेला असतो. पाऊस पडताना वीज गेली तर पंप कशावर चालणार, हा प्रश्न सभेत विचारा आणि उत्तर लिहून घ्या. मीटरची पेटी तळघरात असेल तर वर घेण्याचा खर्च या वर्षीच्या अंदाजपत्रकात घाला. पाणी शिरायला लागल्यावर गाडी काढायला खाली उतरू नका, लिफ्ट तर नाहीच. ती वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा.

रस्त्यावरच्या पाण्याबाबत माप ध्यानात ठेवा. घोट्याच्या वर आलेलं, जेमतेम अर्धा फूट वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं. एक फूट पाणी लहान मोटार तरंगवतं. दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. गावाकडच्या फरशी पुलावर पाणी दिसलं की ते किती खोल आहे हे कळत नाही, आणि खालची फरशी जागेवर आहे की गेली, तेही दिसत नाही. पुढच्या जीपने पार केलं म्हणजे आपणही करू, हा हिशेब चुकीचा. तिच्यानंतर पाणी वाढलेलं असतं. वळवाचा ओढा जितका झटकन येतो तितकाच झटकन उतरतो. पलीकडच्या पाहुण्याकडे फोन करा, टपरीवर बसा, चहा घ्या. आपल्याकडे पाऊस नसला तरी डोंगराकडे काळं दिसत असेल तर कोरड्या ओढ्यात गाडी धुवायला, वाळू भरायला, जनावरं बसवायला उतरू नका.

नंतर

तुटलेली तार बंद आहे असं गृहीत धरू नका. मुलांना तिकडे फिरकू देऊ नका आणि वायरमन येईपर्यंत डीपीला हात लावू नका. मदतीसाठी जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, आणि सगळ्याच तातडीसाठी ११२.

नुकसान झालं असेल तर आवरण्याआधी फोटो काढा: लांबून एक, जवळून एक, ठिकाण आणि वेळ दिसेल असा. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सरकारी मदतीला पात्र धरतात, त्यासाठी पंचनामा लागतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक (आता तिघांचीही पदनामं बदलली आहेत, माणसं तीच आहेत) यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. विमा असेल तर त्याचं आधी वाचा. केंद्राच्या योजनेत स्थानिक आपत्ती ७२ तासांत कळवायचा नियम आहे. पण आपल्या राज्यात २०२५च्या खरिपापासून पीक विम्याची घडी बदलली असून भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पादनावर ठरते. फळबागांच्या हवामान आधारित विम्याचे नियम आणखी वेगळे, त्यात गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं. तुमच्या पावतीवर काय आहे ते नुकसान होण्याआधी कृषी कार्यालयात विचारून ठेवा. वीज पडून माणूस गेल्यास कुटुंबाला सरकारकडून चार लाखांची मदत मिळते. त्यासाठी पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल हवा. जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय अधिकारी येऊन तपासेपर्यंत पुरू नका.

आणि पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघू नका. किल्ली फिरवली की इंजिनात शिरलेलं पाणी आतले भाग मोडतं, आणि साध्या सर्वसमावेशक विम्यात ते नुकसान बहुतेक वेळा बसत नाही. त्याला इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. बॅटरीची तार काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढून गॅरेजला न्या.